कामाचा हात कुठला?

कापूस वेचणीचे दिवस होते. आमच्या बायकांच्या मेडिसिन वॉर्डात न्यूमोनियाची एक पेशंट होती, पस्तिशीच्या आतबाहेरची. सहाव्या दिवशी ताप उतरला, छाती मोकळी झाली, डिस्चार्ज कार्ड तयार झालं. नवरा पिशवी भरून दारात उभा आणि ही कॉटवर बसून उजवा हात मांडीवर घेऊन रडतेय. मनगटाच्या वर जिथं सलाईनची सुई होती, तिथून कोपराकडं शीर कडक झालेली. बोट फिरवलं की कातडीखाली सुतळी ओढून ठेवल्यासारखी लागायची.

"सिस्टर, ह्याच हातानं येचायचं असतंय मला. किलोवर पैशे हायेत. मूठच वळंना झालीय."

मी नेहमीचं केलं. थ्रोम्बोफॉबचं मलम लावलं, ग्लिसरीन-मॅगसल्फची पट्टी ठेवली, हात उशीवर उंच ठेव म्हटलं, दोन-तीन आठवड्यांत उतरेल असा धीर दिला. ती गेली. संध्याकाळी केसपेपर रेकॉर्डला पाठवताना सहज चाळला. अँटिबायोटिकचे डोस होते, ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट भरलेला होता, एक्स-रेचा रिपोर्ट होता. हाताबद्दल एक अक्षर नव्हतं. शेवटच्या रकान्यात 'प्रकृतीत सुधारणा'. सरकारी कागदावर ती बाई बरी होऊन गेली होती.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अधिपरिचारिका आहे, चौदा वर्षं झाली. मधली दोन वर्षं अभ्यास रजा घेऊन एम.एस्सी. नर्सिंग केलं, म्हणजे कागदोपत्री मला संशोधन येतं. आमच्याकडच्या प्रबंधांचं एक ठरलेलं माप असतं, आणि नर्सिंगवाल्या वाचकांना ते पाठ असेल : 'अमुक शहरातील निवडक रुग्णालयांतील तमुक व्यक्तींच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता'. आधी प्रश्नपत्रिका, मग तक्ते-फ्लॅशकार्ड घेऊन तासभर शिकवणं, सात दिवसांनी तीच प्रश्नपत्रिका. मार्क वाढतात, पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येते, म्हणजे फरक नुसत्या योगायोगाचा नाही असं म्हणता येतं, पेढे वाटतात. शिकवल्यावर मार्क वाढतात हे सिद्ध करायला आम्ही दोन वर्षं घेतो. माझाही प्रबंध तसलाच. काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं, लायब्ररीत दुसऱ्या कपाटात आहे. तो लिहिताना मी एकाही पेशंटच्या हाताला हात लावला नव्हता.

त्या रात्री मात्र राउंड घेताना मी बॅटरी घेऊन प्रत्येक कॉटपाशी थांबले. सुई आहे का, कुठल्या हाताला, कधी लावली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं डोळ्यांनी मिळाली. तिसऱ्याचं कुठेच मिळेना. सुईच्या पट्टीवर तारीख नाही, पेपरवर नाही. पेशंटला विचारलं तर, "आलो तवा खाली लावली" एवढंच. खाली म्हणजे कॅज्युअल्टीत. आम्ही सगळ्या बाहत्तर तासांनी सुई बदलायची हे परीक्षेत लिहून पास झालेल्या. पण बाहत्तर तास मोजायचे कुठून, हेच वॉर्डात कुणाला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मेट्रन मॅडमकडं गेले, याचा नीट अभ्यास करू का असं विचारायला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुला काय सुचतंय गं हे? नाइटला दोन सिस्टर मिळत नाहीत मला." खोटं नव्हतं ते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे शिक्षण रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स हवी. आमच्याकडं नाइटला काय असतं ते लिहीत नाही, वाचणाऱ्या सिस्टरांना माहीत आहे आणि बाकीच्यांचा विश्वास बसणार नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या, "कर. पण ड्युटीच्या वेळात नाही." पुढचं दीड वर्ष हे वाक्य माझ्या मानगुटीवर होतं. डॉक्टरांच्या संशोधनाला पीजीचा विद्यार्थी असतो, त्याच्या ड्युटीतच ते बसतं. सिस्टरनं संशोधन करायचं तर ड्युटी संपल्यावर किंवा ऑफच्या दिवशी, आणि घरी जाऊन पोळ्या लाटायच्या त्या वेगळ्याच.

आकडेमोडीसाठी मी पीएसएम, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या, विभागातल्या एका सरांना गाठलं. त्यांनी विचारलं, "प्रश्न काय आहे तुमचा? एका वाक्यात सांगा." मी दहा मिनिटं बोलले. कॅज्युअल्टी, इंटर्न, साठा नसलेलं ड्रेसिंग, कापूस वेचणारी बाई, सगळं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर, हा प्रश्न नाही. ही तक्रार आहे."

राग आला. पण खरं होतं. तक्रारीचा प्रश्न करायला मला तीन आठवडे लागले. 'आमच्या वॉर्डात सलाईनची सुई लावलेल्यांपैकी किती जणांची शीर सुजते, आणि सुई लावल्यापासून किती तासांनी?' सरांनी यावरही विचारलं, "पेशंट मोजणार की सुया?" एका पेशंटला आठवड्यात तीन सुया लागतात. पेशंट मोजले तर एक सुजलेला हात, सुया मोजल्या तर तीनांतली एक. आकडा वेगळा, अर्थ वेगळा. सोळा-अठरा तासांच्या ड्युट्या केल्यात मी, पण त्या अर्ध्या तासात डोकं जेवढं दुखलं तेवढं कधी दुखलं नव्हतं. आम्ही सुया मोजायचं ठरवलं.

मग किती सुया? पायलटमध्ये, म्हणजे आधी करून बघितलेल्या छोट्या चाचणीत, दहा सुयांतल्या तीन बिघडलेल्या निघाल्या होत्या. सरांनी पाठकोऱ्या कागदावर मांडलं : ३.८४ (हा सूत्रातला ठरलेला आकडा) गुणिले ०.३० गुणिले ०.७०, भागिले चुकीच्या मुभेचा वर्ग. दहा टक्के चूक चालणार असेल तर ८१. पाच टक्केच चालणार असेल तर ३२३. मुभा निम्मी केली की काम चौपट. "कुठलं घेणार?" सरांनी विचारलं. मी माझ्या ऑफच्या दिवसांचा हिशेब केला आणि ३२३ म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. कदाचित 'तक्रार' हा शब्द डोक्यात बसला होता.

संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीची मला भीती होती. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे या समितीत सात ते पंधरा जण असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, कायदा जाणणारा एक असतो आणि एक सामान्य नागरिक असतो. डॉक्टर मंडळींनी अपेक्षित तेच विचारलं. मुख्य संशोधक सिस्टर कशी, डॉक्टर गाइड कोण. शेवटी मेडिसिनचे एक सर सहसंशोधक म्हणून उभे राहिले, तेव्हा ते मिटलं. खरा प्रश्न आला तो सामान्य नागरिकाकडून. निवृत्त शिक्षक होते ते. माझं मराठी माहितीपत्रक त्यांनी लाल पेनानं खुणा करून आणलं होतं.

"बाई, शिरादाह म्हणजे काय?"

मी म्हटलं, "फ्लेबायटिस, सर."

"ते इंग्रजी झालं. मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं, मला हा शब्द कळला नाही. तुमच्या पेशंटला कसा कळणार? आणि हे, 'सहभागी व्यक्तीस अंतःशिरा नलिकेच्या स्थानाचे निरीक्षण'? हे कोण कुणाशी बोलतंय?"

हशा झाला. मी घरी येऊन पूर्ण पत्रक पुन्हा लिहिलं. 'सलाईनची सुई जिथं लावलीय तिथली शीर कधी कधी सुजते, दुखते, लाल होते. तसं होतंय का हे आम्ही दिवसातून दोनदा बघणार. तुम्ही नाही म्हणालात तरी औषधपाणी तेच राहील.' सात पानांचं दीड पान झालं. प्रबंधाच्या दोन वर्षांत मला कुणी हे शिकवलं नव्हतं.

संमती घेणं हे मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा हळू चालणारं काम निघालं. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा घ्यायचा, आणि त्यासाठी आमच्या टीमबाहेरचा, वाचता येणारा साक्षीदार लागतो. बाजूच्या कॉटवरच्या बाईचा बारावीतला मुलगा मोठ्यानं वाचून दाखवायचा, सगळा वॉर्ड कान देऊन ऐकायचा. एका आजींनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि स्टॅम्प पॅड पुढं केल्यावर हात पदराखाली घेतला.

"आंगठा न्हाई देणार. दिरानं घेतला व्हता एकदा. दोन एकर गेलं त्याच्यात."

मी म्हटलं, "काही हरकत नाही आजी." नियमही तेच सांगतो. पण दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या कॉटवरची नोंद करत होते, तेवढ्यात आजींनी हाक मारली, हात पुढं केला. "वहीत नको लिहू. पर बघ." तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्यांच्या सुईच्या जागी गरम लागलं, सुई काढली. माझ्या ३२३ मध्ये त्या नाहीत.

बघायचं कसं, त्यासाठी व्हीआयपी स्कोअर वापरायचा ठरला. व्हिज्युअल इन्फ्यूजन फ्लेबायटिस. शून्य ते पाच. शून्य म्हणजे जागा चांगली. एक म्हणजे थोडं दुखतंय किंवा थोडी लाली आहे, लक्ष ठेवा. दुखणं, लाली, सूज यांतल्या दोन गोष्टी दिसल्या की दोन, आणि तिथंच सुई काढायची. चारला शीर दोरीसारखी हाताला लागते, पाचला वर तापही असतो. कापूस वेचणारी बाई चारवर होती म्हणजे. चार येईपर्यंत मधले सगळे आकडे आमच्या डोळ्यांसमोरून गेले असणार.

नावावरून एक घोटाळा झालाच. मी कॉटला लावायच्या कागदावर वर मोठ्या अक्षरांत 'व्हीआयपी चार्ट' लिहिलं होतं. दोन दिवसांत एका पेशंटचा भाऊ इनचार्ज सिस्टरांकडं तणतणत आला, की त्या चार नंबरच्या बाईला व्हीआयपी कुणी केलं, तिची कुणाशी ओळख आहे, आमच्या बहिणीला का नाही. कागदावर मग 'सुईची नोंद' असं लिहिलं.

खरी अडचण पुढं आली. स्कोअरमध्ये लाली आहे. लाली कुणाच्या हातावर? उन्हात राबून काळवंडलेल्या, रापलेल्या हातावर सुरुवातीची लाली दिसतच नाही. मी आणि माझी जोडीदार सिस्टर, आम्ही दोघी एकाच पेशंटला वेगवेगळं बघायचो आणि नंतर आकडे जुळवायचो. दोन बघणाऱ्यांचं किती जुळतं ते मोजायला कप्पा नावाचं माप आहे. शून्य म्हणजे जुळलं ते नशिबानं, एक म्हणजे तंतोतंत. आमचा पहिला कप्पा बघून सरांनी नुसत्या भुवया वर केल्या. गोऱ्या बायांच्या बाबतीत आमचं जुळायचं, सावळ्या-काळ्या हातांवर फाटे फुटायचे. म्हणजे ज्या बायका शेतात राबतात, त्यांच्याच हाताचा आजार आमच्या मापातून निसटत होता.

मग आम्ही डोळ्यांवरचा भरवसा कमी केला. हाताची पालथी बाजू आधी चांगल्या हातावर ठेवायची, मग सुईच्या जागेवर. ऊब जास्त लागते का? शिरेवरून एक बोट हलकं वर न्यायचं आणि पेशंटच्या तोंडाकडं बघायचं, हाताकडं नाही. कपाळाला आठी पडली की दुखतंय. 'दुखतं का' विचारलं तर आमच्याकडची बाई 'नाही' म्हणते, सिस्टरला आणखी कशाला त्रास द्या म्हणून. पंधरा दिवस असं बघून पुन्हा कप्पा काढला, तेव्हा सरांनी चहा मागवला.

दिवसातून दोनदा, सकाळच्या ओव्हरच्या, म्हणजे एका शिफ्टनं दुसरीकडं पेशंट सोपवण्याच्या, वेळी आणि रात्री नऊला. ड्युटी असो-नसो. काही दिवस मी ऑफला मुलाला घेऊन यायचे, तो नर्सिंग स्टेशनवर बसून गृहपाठ करायचा. वॉर्डातले मामा त्याला बिस्किटं द्यायचे आणि मला म्हणायचे, "सिस्टर, पगार वाढणार का ह्याच्यानं?"

जे निघालं त्यातल्या दोन गोष्टी मी आधी ओळखल्या असत्या. कोपराच्या खळगीत लावलेल्या सुया जास्त बिघडत होत्या. हात वाकला की आतली नळी शिरेच्या भिंतीला घासते. कॅज्युअल्टीत हिरवी, म्हणजे अठरा नंबरची सुई आणि कोपराची जागा, कारण तिथं शीर पटकन मिळते आणि शॉकमधल्या पेशंटला भराभर सलाईन जायला जाड सुई लागते. त्यांचं चूक नाही. पण पेशंट वॉर्डात येऊन पोळी-भाजी खायला लागतो तरी हिरवी सुई कोपरातच. दुसरी गोष्ट औषधांची. पोटॅशियम, फेनिटोइन, व्हँकोमायसिन ही शिरेला जाळणारी औषधं, घाईत कमी पाण्यात आणि भरकन दिली की शीर बोंबलणारच.

तिसरी मात्र डोळ्यासमोर असून दिसली नव्हती. वहीत मी एक रकाना सहज घातला होता : 'आज या सुईतून काय गेलं?' महिन्यानं तो रकाना बघितला तर रिकाम्या खान्यांची रांग. पेशंट तोंडानं गोळ्या घेतेय, सलाईन बंद होऊन दोन-तीन दिवस झाले आणि सुई तशीच. का? 'राहू दे, लागली तर?' राउंडला डॉक्टर काढा म्हणत नाहीत, आम्ही विचारत नाही, आणि पेशंटला वाटतं सुई आहे म्हणजे अजून काही उपचार बाकी आहे. या रिकाम्या सुयांपैकी किती सुजल्या हे मोजताना मला स्वतःची लाज वाटली. त्या सुया मीच ओव्हरमध्ये 'सुई आहे, चालू आहे' म्हणून पुढच्या शिफ्टला दिल्या होत्या.

आता बदल. मी ठरवलं होतं की बाहत्तर तासांचा नियम कडक करायचा, तारीख लिहायची, वेळ झाली की सुई बदलायची. मेडिसिनच्या एका रेसिडेंटनं माझा आराखडा वाचला आणि लॅपटॉपवर २०१२ चा 'लॅन्सेट'मधला एक लेख उघडून दिला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या तीन रुग्णालयांत ३,२८३ पेशंट घेतले होते. निम्म्यांची सुई ठरलेल्या दिवशी बदलली, निम्म्यांची फक्त गरज पडली तर. शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडं सात टक्के. म्हणजे ठरावीक दिवशी बदलून काही वाचत नव्हतं, फक्त टोचणं वाढत होतं. आणि हा अभ्यास करणारी नर्सच होती, हे रेसिडेंटनं मला मुद्दाम दाखवलं.

रात्रभर विचार केला. माझा आवडता नियम गेला होता. शिवाय 'गरज पडली तर' हे शब्द तिथं खरे, कारण तिथं रोज कुणीतरी जागा बघतं. आमच्याकडं बघणारं कुणी नसेल तर 'गरज पडली तर' म्हणजे 'कधीच नाही'. म्हणून आम्ही तासांऐवजी बघण्यावर जोर दिला. दर शिफ्टला ओव्हर घेताना दोघींनी मिळून सुईची जागा बघायची, तोंडी ओव्हर चालणार नाही. दोन स्कोअर आला की काढायची. घाईत लावलेली कॅज्युअल्टीची सुई अठ्ठेचाळीस तासांच्या आत बदलायची, कारण तिथं हात धुवून, स्पिरिट वाळू देऊन लावायला वेळ नसतो. चोवीस तासांत सुईतून काही गेलं नसेल तर राउंडला डॉक्टरांना विचारून काढायची. औषधाच्या आधी-नंतर नॉर्मल सलाईननं सुई धुवून घ्यायची. आणि नवी सुई लावण्याआधी पेशंटला विचारायचं, "कामाचा हात कुठला?" मग दुसऱ्या हाताला, कोपर सोडून खालच्या भागात.

शेवटचा प्रश्न कुठल्या पुस्तकातून घेतला असं मला सगळे विचारतात. पुस्तकात तो आहेच, 'डॉमिनंट हँड' टाळा म्हणून. पण 'उजव्या हाताच्या की डावखुऱ्या' असं विचारलं की बायका गोंधळतात आणि उजवा म्हणतात. कामाचा हात विचारला की त्या क्षणभर थांबतात आणि नेमका तोच हात मागं घेतात.

पारदर्शक ड्रेसिंगचा साठा आमच्याकडं नसतो. सुईवर स्टिकिंगचे चार पट्टे मारले की जागा झाकली जाते, मग बघणार काय? एका जुन्या सिस्टरांनी युक्ती दाखवली. एक अरुंद पट्टी चिकट बाजू वर करून सुईच्या पंखांखालून घालायची, दोन्ही टोकं पुढं आणून पंखांवर उलटसुलट चिकटवायची, आणि शिरेत सुई शिरते ती जागा उघडी ठेवून त्यावर फक्त पातळ गॉज. त्या निवृत्तीला सात महिने राहिलेल्या होत्या, त्यांनी कधी संशोधन हा शब्दही उच्चारला नव्हता. पूर्ण अभ्यासातली सगळ्यात उपयोगी वस्तू त्यांच्या बोटांतून आली. तारीख-वेळ त्याच पट्टीवर. बॉलपेनची शाई स्पिरिट लागलं की पसरायची, म्हणून मी मार्कर विकत आणले. आठवड्याला एक गायब व्हायचा. शेवटी मार्कर ट्रॉलीला सलाईनच्या नळीनं बांधला.

हा बदल इंटरव्हेन्शन म्हणून सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या देशपातळीवरच्या नोंदवहीत, नोंदवला, पहिला पेशंट घ्यायच्या आधी. तुलनेला वरच्या मजल्यावरचा दुसऱ्या युनिटचा वॉर्ड. तिथं जसं चालतं तसंच चालू द्यायचं, फक्त बघायचं.

आणि तिथं माती झाली. महिन्याला ड्युट्या बदलतात. आमच्या दोन सिस्टर वरच्या वॉर्डात गेल्या. तिसऱ्या आठवड्यात मी वर नोंद घ्यायला गेले तर सुयांवर तारखा! कोपराच्या सुया कमी! मी एकीला म्हटलं, "अगं, इथं नाही करायचं." ती म्हणाली, "म्हणजे? खाली बरोबर आणि वर चुकीचं करू?" यावर मी काय बोलणार. शिवाय मी वही घेऊन जिन्यावर दिसले की दोन्ही मजल्यांवरच्या सुया धुतल्या जायच्या, हे मामांनी मला हसत हसत सांगितलं.

सरांनी आकडे बसवले आणि सरळ सांगितलं, "तुमचा कंट्रोल ग्रुप बिघडला." सुजलेल्या शिरा दोन्ही वॉर्डांत कमी झाल्या होत्या. आमच्यात जास्त, वर थोड्या. पण दोन्हींतला फरक इतका नव्हता, की तो आमच्या बदलामुळंच झाला असं शपथेवर सांगता येईल. रिकाम्या सुयांचं मात्र स्पष्ट दिसत होतं. मी विचारलं, वरच्या वॉर्डाचे शेवटचे दोन महिने वगळले तर? सर काही बोलले नाहीत. पेनाचं टोपण लावलं. मी पुढं तो विषय काढला नाही. अहवालात तिसऱ्या आठवड्यात काय झालं ते जसंच्या तसं लिहिलं.

एका परिषदेत पोस्टर लावलं. बघायला आलेल्या पहिल्या तिघांनी पी व्हॅल्यू विचारली आणि निघून गेले. लेख एका नियतकालिकानं परत पाठवला, कारण रास्त होतं, तुलनेचा गट. त्यानंतर आठवडाभर मेलवर 'आदरणीय संशोधक' म्हणणारी निमंत्रणं आली, पैसे भरा आणि पाच दिवसांत छापून घ्या म्हणणारी. बढतीच्या फायलीला ते चालतं, असं एकानं सुचवलंही. दर १२ मे ला आम्ही नाइटिंगेलबाईंच्या नावानं मेणबत्त्या पेटवतो, दिव्याचं भाषण होतं. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं पहिली स्त्री सभासद म्हणून त्याच बाईंना घेतलं होतं, सैनिकांच्या मरणाचे आकडे मांडले म्हणून. त्या भाषणात हे येत नाही. मी ते मेल डिलीट केले. लेख सुधारून दुसरीकडं पाठवलाय.

वॉर्डात काय राहिलं? ओव्हरच्या वेळी हात बघणं राहिलं, बऱ्यापैकी. तारखा अधूनमधून. मार्करचा इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, स्टोअरनं परत केला, स्टेशनरी वॉर्डाच्या खर्चाच्या हेडमध्ये बसत नाही म्हणून. सुई धुणं सकाळी होतं, रात्री होत नाही, आणि रात्री एकटी असलेल्या सिस्टरला मी त्यावरून बोलणार नाही.

कॅज्युअल्टीचं तसंच आहे. तिथल्या एका ब्रदरला मी कामाच्या हाताचं सांगायला गेले होते. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, साप चावलेला पेशंट डोळे फिरवतोय, त्याला विचारू का, दादा तुमचा कामाचा हात कुठला?"

मी म्हटलं, सोबत आलेल्याला विचारा. तो तर मोकळाच उभा असतो.

ते म्हणाले, "या एक दिवस बघायला."

गेल्या महिन्यात ऑफच्या दिवशी गेले. दुपारी अडीचला पहिला पेशंट आला, रस्त्याच्या कडेला पडलेला. १०८ च्या गाडीनं आणला होता. सोबत कुणीच नव्हतं. ब्रदरांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि कोपरात हिरवी सुई घातली. मी त्यांना पट्टी फाडून दिली, वर तारीख आणि वेळ लिहिली, आणि हाताच्या रकान्यात प्रश्नचिन्ह केलं.